बादली, लाल गोळ्या आणि विसण: गृहभेटीत अपघातांनाही जागा द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य;
सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि महापालिकांचे आयुक्त

महोदय, महोदया,

मूल तीन महिन्यांचे झाले की आशाताई घरी येतात. मग सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. २०१८ पासून देशभर ठरलेल्या या पाच भेटींत त्या वजनाची नोंद बघतात, वरच्या आहाराची चौकशी करतात, लसीकरणाचे कार्ड तपासतात, ओआरएस कसे करायचे ते सांगतात, हात धुण्याबद्दल बोलतात. पोषण, आरोग्य, बालविकास आणि स्वच्छता अशी या भेटींची चार कामे आहेत. ज्या खोलीत बसून हे बोलणे होते तिथेच जमिनीवर आमटीचे पातेले उतरवलेले असते. मोरीत अर्धी भरलेली बादली असते, फळीवर आईच्या लोहाच्या गोळ्या असतात आणि खाटेखाली रॉकेलची नाहीतर तणनाशकाची बाटली. त्याबद्दल बोलण्याचे काम आशाताईंना कोणी नेमून दिलेले नाही. प्रशिक्षणात कुठे एखादे वाक्य असलेच, तर 'बाळाला सुरक्षित ठेवा' एवढ्यावर ते भागते.

आम्ही भाजलेल्या, बुडालेल्या, घशात काही अडकलेल्या आणि विष पोटात गेलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका आहोत; आमच्यापैकी काही जण आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांना शिकवतात. मूल आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा बरेचसे हातातून निसटलेले असते. जे करायला हवे होते ते घरात, आठवडाभर आधी, एका कडीने किंवा एका झाकणाने झाले असते. पत्र खुले ठेवले आहे, कारण आपला निर्णय होईपर्यंत यातले जे आजच करता येईल ते आईवडिलांनी करावे अशी आमची इच्छा आहे.

घरी जाऊन शिकवल्याने मुले वाचतात हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले दिसले, आणि २०११ मध्ये ती पद्धत देशाने स्वीकारली. म्हणजे माणूस आहे, भेटी आहेत, पद्धतही आपलीच आहे. उणीव विषयाची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्येच सांगितले होते की जगात दरवर्षी आठ लाखांहून अधिक मुले अपघाती इजांनी मरतात आणि त्यांतले अनेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

आमच्या तक्रारी आता एकेक मांडतो.

पहिली तक्रार भेटी थांबण्याच्या वयाची. शेवटची भेट पंधराव्या महिन्यात, म्हणजे मूल नुकते धड चालू लागते तेव्हा. दीड वर्षाचे मूल खुर्चीवर चढते, दोन वर्षांचे तीच खुर्ची ओढत ओट्यापर्यंत नेते, अडीच वर्षांचे खालची कडी काढते. बुडणे, भाजणे आणि विषबाधा यांचा धोका एक ते चार या वयात सर्वांत मोठा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरी येणारे माणूस येईनासे होते.

दुसरी तक्रार 'लक्ष ठेवा' या सल्ल्याची. आमच्यासकट सगळेच तो देतात, आणि त्याने फारसे काही होत नाही. आई चुलीशी असते, पाण्यावर असते, कापूस वेचायला गेलेली असते. मूल आजीजवळ किंवा आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर असते. लहान मूल बुडताना हाक मारत नाही, पाण्याचा आवाजही फारसा होत नाही. दोन-तीन मिनिटांत भान हरपते, चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढा वेळ दोन-चार पोळ्या भाजण्यातच जातो. शिवाय 'लक्ष ठेवा' म्हटले की अपघातानंतर सगळा दोष आईच्या माथी येतो आणि बादली तशीच राहते. पालकांना शिकवायचे ते वस्तूची जागा, उंची, झाकण आणि कडी बदलायला. क्षणभर लक्ष चुकले तरी मूल वाचावे अशी ती व्यवस्था हवी.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण ती वस्तू आपलेच खाते घरात पोहोचवते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक लोहाची गोळी. त्या घेतल्याच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण गोळी लाल आहे, वरून साखरेचा थर आहे, आणि मुलाच्या दृष्टीने ती गोड गोळीच आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. दहा किलो वजनाच्या मुलाने चार गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे २४ मिलिग्रॅम होतात. किलोमागे २० च्या पुढे विषारी परिणाम दिसू लागतात. दहा गोळ्यांत किलोमागे ६० मिलिग्रॅम होतात आणि जीव धोक्यात येतो. मुलासाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे जे लोहाचे औषध मिळते, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असते. ५० मिलिलिटरची भरलेली बाटली मुलाने तोंडाला लावली तर हजार मिलिग्रॅम.

या विषबाधेत एक फसवा टप्पा असतो आणि तो प्रत्येक आशाताईला आणि उपकेंद्रातल्या प्रत्येक सिस्टरला माहीत हवा. पहिल्या सहा तासांत उलट्या आणि जुलाब होतात, कधी रक्ताचे. मग मूल बरे वाटू लागते, खेळतेही. घरचे म्हणतात, उतरले. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत, रक्तदाब कोसळतो आणि यकृत निकामी होऊ लागते. म्हणून 'आता बरा आहे' म्हणून थांबायचे नाही. गोळ्यांचे पाकीट आणि उरलेल्या गोळ्या मोजून सोबत घ्यायच्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जायचे. गोळ्या देताना हे सांगायला एक मिनिट लागते. ते मिनिट आज कोणाच्याही कामाच्या यादीत नाही.

कुठे ठेवायच्या? 'उंचावर' हे उत्तर पुरेसे नाही, कारण उंचावर चढता येते. प्रत्येक घरात एखादी पत्र्याची ट्रंक किंवा कपाट असते. त्याला कुलूप, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. त्याच कुलपात बाकीची औषधे, उंदराचे औषध आणि निलगिरीचे तेल. देव्हाऱ्यातला कापूरही तिथेच, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कापूर म्हटले की पूजा आठवते, पण पोटात गेल्यावर तो काही मिनिटांतही झटके आणू शकतो आणि लहान मुलाला एखाद्या ग्रॅमनेही जिवाचा धोका होतो. रॉकेल, फिनेल, ॲसिड आणि शेतीची औषधे कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढायची नाहीत. तहानलेले मूल बाटली बघते, लेबल वाचत नाही. यांपैकी काहीही पोटात गेले तर उलटी करवायची नाही. रॉकेल वर येताना श्वासनळीत उतरते आणि फुप्फुस जाळते. ॲसिड येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मिठाचे पाणी, घशात बोट, हे सगळे बंद. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो प्रत्येक माता-बाल कार्डावर ठळक छापायला काय हरकत आहे?

गावाकडे याच्या जोडीला मोगली एरंड येतो. कुंपणाला लावलेल्या या झाडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुले घोळक्याने खातात आणि उलट्या-जुलाबाने एकदम आठ-दहा जण दवाखान्यात येतात. अंगणवाडी आणि शाळेच्या कुंपणाला हे झाड असताच कामा नये.

चौथी तक्रार पाण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. रांगत्या मुलाला बुडायला वीतभरही पाणी लागत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावले की तोल जाऊन ते डोक्यावर आत पडते, हातांत स्वतःला वर ढकलण्याची ताकद नसते, आणि पाण्याच्या वजनामुळे बादली कलंडतही नाही.

'वापर झाला की बादली पालथी करा' हा सल्ला पुण्या-मुंबईत ठीक आहे. जिथे नळाला आठ दिवसांनी पाणी येते तिथे घरात प्रत्येक भांडे भरलेलेच राहणार. मराठवाड्यातल्या आईला पाणी ओतून द्या असे सांगणे म्हणजे ती काय करू शकते हे न बघता बोलणे. तिला झाकण सांगायला हवे. पिंपावर घट्ट बसणारे झाकण, त्यावरून जुन्या ट्यूबचा पट्टा आडवा ताणून दोन्ही बाजूंना अडकवायचा; मूल तो काढू शकत नाही. नुसते ठेवलेले ताट किंवा फळी चालत नाही, मूल ती सरकवते किंवा तिच्यावर चढते. सिमेंटच्या हौदाला कडीकुलपाची लोखंडी जाळी, भोके दहा सेंटिमीटरपेक्षा लहान. मोरीला दार असेल तर बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी. दार नसेल तर उंबऱ्यावर दोन फुटांची फळी खाचेत बसवायची.

इथे आपल्या खात्याला नवे माणूसही नको आहे. डेंग्यूच्या अळ्या शोधायला आपलाच कर्मचारी टॉर्च घेऊन घरोघरी याच पिंपात आणि हौदात डोकावतो. तो 'झाकण ठेवा' म्हणतो, ते डासासाठी. घरात पाच वर्षांखालचे मूल आहे का, हा एक प्रश्न त्याने जास्त विचारला आणि मुलाला न उघडणारे झाकण कसे करायचे ते दाखवले, तर त्याच फेरीत दोन कामे होतात.

आणि शेततळी. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ती मोठ्या संख्येने झाली, आणि दुष्काळी भागाला त्यांची गरज होती. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही आत जातो. तळ्याला चारही बाजूंनी साडेचार-पाच फुटांचे तारेचे कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक हवे. कुंपण नसेल तर मूल आत जाते; कुंपण असूनही कोणी पडलेच तर प्रत्येक बाजूला काठावरच्या खुंटाला बांधलेला, दर फुटावर गाठ मारलेला जाड दोर पाण्यात सोडलेला असला पाहिजे. काठावर हवा भरलेली एक ट्यूब. पडलेल्याकडे दोर, बांबू, साडी जे हाताशी असेल ते फेकायचे, स्वतः उतरायचे नाही, हे त्या घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ हवे. एवढ्याला तळ्याच्या खर्चाच्या मानाने अगदी थोडे पैसे लागतात.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर गावात जे केले जाते, त्याने उरलेली संधी जाते. उलटे धरून फिरवणे, पोट दाबून 'पाणी काढणे' हे थांबले पाहिजे. फुप्फुसातले पाणी तसे निघत नाही. पोटातले मात्र वर येऊन श्वासनळीत जाते, आणि हवेविना मिनिटे जातात. श्वास नसेल तर पाठीवर निजवून, हनुवटी उचलून आधी पाच श्वास तोंडाने द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, असे १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर दाबून बघावे लागते.

पाचवी तक्रार भाजण्याची. आपल्याकडे आंघोळीसाठी आधी कढत पाणी बादलीत ओततात आणि मग विसण घालतात. विसण आणायला आई वळते, तेवढ्यात मूल बादलीशी पोहोचलेले असते. क्रम उलटा करायचा: आधी थंड, मग त्यात गरम, शेवटी कोपर बुडवून बघायचे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने लहान मुलाची कातडी एका सेकंदाच्या आसपास खोलवर भाजते. ५० अंशाला तेच व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून गीझरचा काटा ५० वर आणणे हा घरातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, त्याला एक पैसा लागत नाही. बंबाचे किंवा चुलीवरचे पाणी असेल तर मूल मोरीबाहेर, कोणाच्या तरी कडेवर, आणि मगच हंडा उतरवायचा. पाण्यात टाकायचा रॉड लावलेली बादली मुलाच्या वाटेत कधीच नको. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय त्या पाण्याला कोणीच हात लावायचा नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण, बसवला तर विजेच्या बऱ्याच अपघातांत जीव वाचतो. शासकीय घरकुलांत तो सक्तीचा असावा असे आमचे मत आहे.

जमिनीवरची चूल आणि शेगडी हा मोठा प्रश्न आहे. ओटा नसेल तर चुलीच्या उघड्या बाजूंना दोन फूट उंचीचा विटांचा आडोसा. पातेले उतरवल्यावर ते भिंतीकडे, त्या आडोशाच्या आत. मिक्सरची आणि विजेच्या किटलीची वायर ओट्यावरून खाली लोंबू द्यायची नाही. मांडीवर मूल आणि हातात चहा, हे एकाच वेळी नाही.

भाजलेच तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे, घड्याळ लावून, बर्फ नाही. पाणी कमी असेल तर परातीवर भाग धरून तांब्याने ओतायचे आणि परातीत साठलेले पुन्हा वापरायचे. उशीर झाला असेल तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. कपडे, वाळे, बांगड्या, करदोटा लगेच काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढायचे नाही. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून, बाकीचे अंग पांघरुणात गुंडाळून दवाखान्यात. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाटा, कॉफी यांतले काहीही नाही. जखम किती खोल आहे हे या लेपांखाली दिसत नाही, आणि ते खरवडताना मुलाला पुन्हा सोसावे लागते.

सहावी तक्रार थोडक्यात, पण तिच्यातही मृत्यू आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणे, चिक्की देऊ नये, हे पोषणाच्या धड्यातच यायला हवे. शेंगदाणा पौष्टिक आहे. तो कूट करून द्या. हरभरा शिजवून, कुस्करून. सीताफळ बिया काढून. दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि मूल पळता-हसता खाते, म्हणून दाणा श्वासनळीत जातो. पुढे फसगत अशी होते की ठसक्याची एक उबळ येऊन मूल शांत होते, दाणा एका बाजूच्या नळीत बसतो आणि मग कित्येक आठवडे खोकल्याची, दम्याची, न्यूमोनियाची औषधे चालतात. 'खाताना एकदम ठसका लागला होता का?' हा प्रश्न प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारला गेला पाहिजे. उत्तर हो असेल तर क्ष-किरणात काही दिसो वा न दिसो, दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवायचे.

मूल खोकू शकत असेल तर खोकू द्यायचे. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून, खांद्यांच्या मध्ये पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाच थापा आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालायचे नाही, ती आणखी खाली जाते.

नाण्यासारख्या चपट्या बॅटरीचा धोका तर बहुतेक पालकांना ठाऊकच नाही. वीस मिलिमीटर रुंदीची बॅटरी मुलाच्या अन्ननलिकेत अडकते, लाळेमुळे तिच्यातून वीज वाहू लागते आणि तिथे तयार होणारे क्षार दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतात. क्ष-किरणात ती नाण्यासारखीच दिसते, पण कडेला दुहेरी वर्तुळ असते. मूल वर्षावरचे असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मधासाठी एक मिनिटही थांबू नये. रिमोट आणि खेळण्यांच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती काय देऊ नये याचे मापही सोपे आहे: सव्वा इंच आतल्या व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती नको. अशी दोन-सव्वादोन इंच लांबीची नळी प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असावी. आईच्या समोर घरातल्या चार वस्तू त्यात टाकून दाखवल्या की वेगळे भाषण लागत नाही.

शहरांसाठी दोन गोष्टी. चाकांच्या ज्या गोल वॉकरमध्ये मुलाला बसवतात त्यावर कॅनडाने २००४ पासून बंदी घातली आहे, कारण त्यातले मूल क्षणात जिन्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. आपला लाकडी पांगुळगाडा, ज्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, त्याहून बरा. जिना मात्र बंद हवा. खिडकीला डासांची जाळी म्हणजे आधार नव्हे. गज हवेत, दोन गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर, आणि खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची नको. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. तो प्रसूतिगृहातून घरी सोडतानाच सांगितला गेला पाहिजे.

सातवी तक्रार, शिकवायला कोणाला बोलावतो याची. माता बैठक दुपारी होते. कडी बसवायला, जाळी करून घ्यायला, तणनाशकाची बाटली शेतातच कुलपात ठेवायला घरातल्या पुरुषाचा हात आणि खिसा लागतो, आणि तो त्या बैठकीत नसतो. मूल दिवसभर जिच्याजवळ असते ती आजीही बहुधा नसते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी बोलणाऱ्यांना मराठी चित्रपट्टी वाचून दाखवली जाते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, तर सहा महिने कोणतीच भेट नीट होत नाही, आणि तिथे चूल, पाण्याची टाकी, ट्रॅक्टर सगळे दहा पावलांत असते.

आठवी तक्रार नोंदीची. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूचे अन्वेषण करण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. बुडालेल्या मुलाच्या बाबतीत आकस्मिक मृत्यूची पोलिस नोंद होते आणि विषय तिथे संपतो. पाणी कशात होते, किती होते, झाकण होते का, वेळ कोणती, मूल कोणाजवळ होते, हे पाच प्रश्न विचारले गेले तर तालुक्याला कळेल की आपल्याकडे हौद घातक आहेत की शेततळी. बांगलादेशात असा अभ्यास झाला तेव्हा दिसले की लहान मुले मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई कामात असताना, घराजवळच बुडतात. त्यावरून तिथे नेमक्या त्या वेळेत गावपातळीवर मुलांना सांभाळणारी 'आँचल' केंद्रे चालवली गेली.

आमच्या मागण्या अशा:

१. पाच गृहभेटींत अपघात हा पाचवा विषय करावा. प्रत्येक भेटीत एकच बदल घरातच करून घ्यावा आणि पुढच्या भेटीत तो टिकला का ते बघावे. तिसऱ्या महिन्यात पलंगावरून पडणे, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचा फास आणि बाळंतिणीच्या बंद खोलीतल्या शेगडीचा धूर. सहाव्यात लहान वस्तू आणि वरचे खाणे. नवव्यात बादली, हौद आणि आंघोळीचे पाणी. बाराव्यात गोळ्या आणि विषारी वस्तूंचे कुलूप. पंधराव्यात चूल, जिना आणि शेततळे.

२. अठराव्या, चोविसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात आणखी तीन भेटी ठेवाव्यात आणि त्यांचा स्वतंत्र मोबदला द्यावा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. फुकटात नवे काम लादून हे होणार नाही, आणि नवे रजिस्टरही नको. आहे त्या नमुन्यात एक रकाना पुरेल.

३. लोहाच्या गोळ्या एका वेळी ३० पेक्षा जास्त देऊ नयेत, कागदाच्या पुडीत सुट्या तर कधीच नाहीत. प्रत्येक पाकिटावर मराठीत आणि चित्राने मुलांसाठीचा इशारा छापावा.

४. आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना वर्षातून एकदा अर्धा दिवस पुतळ्यावर सराव द्यावा: घशात अडकणे, बुडणे, भाजणे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाचा एक आणि मुलाचा एक पुतळा असावा.

५. शेततळ्याच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता कुंपण, फाटक आणि चारही बाजूंचे दोर यांची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच द्यावा. जुन्या तळ्यांना कुंपणासाठी वेगळे अनुदान द्यावे. हे कृषी खात्याचे काम असले तरी मागणी आपण करावी, मृत्यू आपल्या खात्याच्या आकड्यांत येतात.

६. तीन महिन्यांतून एकदा संध्याकाळी सातनंतर वडील आणि आजी-आजोबांची बैठक घ्यावी, त्या गावाच्या बोलीत.

७. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर पाळणाघर चालवावे. 'पाळणा' योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघरे करता येतात; ती आधी तिथे द्यावीत.

८. बालमृत्यू अन्वेषणात वर दिलेले पाच प्रश्न सक्तीचे करावेत आणि जिल्हानिहाय उत्तरे दरवर्षी प्रसिद्ध करावीत.

आशांच्या प्रशिक्षणाची पुढची फेरी ठरण्याआधी या आठ मागण्यांवर आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. यातली कोणती मान्य, कोणती नाही आणि का नाही, एवढे त्यात असावे. प्रशिक्षणाचा मजकूर, चित्रे आणि बोलीभाषांतली ध्वनिमुद्रणे आम्ही विनामोबदला तयार करून देऊ. पहिल्या तुकडीला शिकवायला ज्या तालुक्यात बोलवाल तिथे येऊ.

आपले,
बालरुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका,
आशा व अंगणवाडी प्रशिक्षक